साजवडचं घड्याळ

धडगावच्या बाजारात गोवाल पावरा कोण असं विचारलं तर दहातले आठ जण नुसते तोंडाकडे बघत राहतील. टॉवरवाला कुठे भेटेल असं विचारा, की जीपमध्ये माणसं कोंबणारा क्लीनरही हातातलं काम सोडून रस्ता सांगेल.

अक्राणी तालुक्यातले अकरा मोबाइल टॉवर देखभालीला त्याच्याकडे होते. नंदुरबारच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स करून तो डोंगरात परत आला, तेव्हा घरच्यांना वाटलं की हा नापास झाला. पास झालेला माणूस परत कशाला येईल? आता तो चौतीस वर्षांचा होता. बुटका, दंडाने भक्कम, बोलायला कमी. चाळीस मीटर उंच टॉवरवर तो असा चढायचा, की खाली उभ्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

अकरांतला साजवडचा टॉवर त्याचा सर्वांत लाडका. साजवड त्याचं स्वतःचं गाव, आणि टॉवर गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या धारेवर. तो उभा राहिला तेव्हा शेवटच्या दीड किलोमीटरला रस्ता नव्हता. लोखंड गावाने खांद्यावर वाहिलं होतं. गोवालची आई भुरीबाई गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या लेकीशी पहिल्यांदा फोनवर बोलली, ती टॉवरच्या कुंपणाला घट्ट धरून. तिला वाटत होतं, कुंपण सोडलं तर आवाज जाईल.

प्रत्येक टॉवरवर पांढऱ्या भूछत्रासारखा एक छोटा अँटेना असतो. तो फोनसाठी नसतोच. तो उपग्रहाकडून वेळ घेतो. डोंगरातले सगळे टॉवर एकाच लहरीवर बोलतात आणि त्याच लहरीवर ऐकतात, म्हणून त्यांना पाळी ठरवून घ्यावी लागते. एका क्षणी सगळ्यांनी बोलायचं, पुढच्या क्षणी सगळ्यांनी गप्प बसून लोकांच्या फोनचं ऐकायचं. हे क्षण इतके बारीक असतात, की सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातल्या दीड तुकड्यापेक्षा जास्त पुढेमागे व्हायची कुणाला मुभा नाही. गोवालला हे पाठ होतं. परीक्षेत त्याने हे बिनचूक लिहिलंही होतं. पण पाठ असणं आणि अंगावर येणं यात फार अंतर असतं.

यंदा होळीच्या पाच दिवस आधी वानरांनी साजवडच्या टॉवरवरचा तो भूछत्री अँटेना ओरबाडून तोडला. असा वेळेचा धागा तुटला, की टॉवर काही तास आपल्या आतल्या घड्याळावर काढतो आणि मग आपणहून बंद होतो. नवा अँटेना यायला आठ दिवस लागणार होते. होळीच्या दिवसांत आठ दिवस! गुजरातेत कामाला गेलेली माणसं परतत होती. कोण कुठल्या गाडीने येतंय, कोणाला कुठल्या फाट्यावर उतरवून घ्यायचंय, सगळं फोनवर ठरत होतं. गोवालने लॅपटॉप जोडला. नाशिकच्या एका इंजिनिअरला त्याने पूर्वी असं करताना पाहिलं होतं. टॉवरच्या आत एक सेटिंग असते. ती बदलली, की टॉवर उपग्रहाची वाट न पाहता आतल्याच घड्याळावर चालत राहतो, बंद होत नाही आणि कुठे तक्रारही नोंदवत नाही. त्याने ती बदलली. कुणाला सांगितलं नाही.

साजवडची होळी झोकात झाली. नवव्या दिवशी अँटेना आला. गोवालने तो चढून बसवला, उपग्रह दिसल्याचा हिरवा दिवा लागला, आणि तो खाली उतरला.

तक्रारी सुरू झाल्या त्या मार्चच्या शेवटी, आणि त्याही साजवडच्या नाहीत; दरीपलीकडच्या चिखलआंब्याच्या. फोनमध्ये रेंजच्या पाचही पट्ट्या दिसतात, पण फोन लागत नाही. लागला तर तुटतो. मग आजूबाजूच्या दोन गावांतून तेच. एप्रिलच्या मध्यापर्यंत तीन टॉवर जवळजवळ बहिरे झाले. गोवालने चिखलआंब्याच्या टॉवरचा यंत्राचा डबा बदलला, केबल बदलली, वरचे फोनचे अँटेना बदलले. दहा दिवसांत तो त्या टॉवरवर चौदा वेळा चढला. फरक शून्य.

त्या टॉवरच्या खाली रेवजीचं घर होतं. रेवजी साठीचा, एकटा. बायको गेलेली, एकुलता मुलगा भरत होळीनंतर गुजरातेत बांधकामावर गेलेला. जाताना बापलेकांचं वाजलं होतं. यंदा जाऊ नको, घराचं कूड पडायला आलंय, शेत बघ, असं बापाचं म्हणणं. भरत तरी गेला. जाण्याआधी मात्र बापाला नवा मोठा फोन घेऊन दिला आणि आवाज रेकॉर्ड करून कसा पाठवायचा ते शिकवलं.

गोवाल टॉवरवरून उतरला, की रेवजी पाण्याचा तांब्या घेऊन उभा असायचा.

“झालं का?” तो पावरी बोलीत विचारायचा.

“उद्या होईल, काका.”

“पट्ट्या तर पाच आहेत.”

“मग तुमच्या फोनमध्येच काहीतरी असेल. सिम काढून पुसून बघा.”

रेवजीने सिम इतक्या वेळा पुसलं होतं, की त्याच्यावरचे आकडे गेले होते. एकदा तो म्हणाला, “भरतचा फोन बारा दिवस नाही आला.”

“फोन नाही म्हणजे मजेत असेल, काका. अडचण असली की पोरं फोन करतात,” गोवाल म्हणाला, आणि बॅग उचलून निघाला.

शेवटी नंदुरबारच्या ऑफिसातून नवनीत पाटील या सुपरवायझरने नाशिकहून एक यंत्र मागवलं आणि ते घेऊन चेतनाला पाठवलं. चेतना सारंगखेड्याची; वय सत्तावीस, कंपनीत नवी, पण कामात तरबेज. ती सकाळी आठला जीपने चिखलआंब्याला पोचली. यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तिला स्वतःचं उपग्रहाचं घड्याळ होतं. हवेतून जेवढ्या टॉवरांचे आवाज ऐकू येतील, त्यांतला प्रत्येक आवाज खऱ्या वेळेपासून किती मागे किंवा पुढे सुरू होतो, ते ती सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत दाखवायची.

गोवाल म्हणाला, “ताई, आधी साजवडला चला. माझा तो टॉवर एकदम खरा आहे. एकही तक्रार नाही. त्याच्यावरून बाकीचे तपासा.”

“इथूनच तो ऐकू येईल की,” चेतना म्हणाली आणि पेटी रेवजीच्या अंगणातल्या खाटेवर ठेवली.

पाच मिनिटांनी पडद्यावर आकडे उमटले. चिखलआंबा, एक. पलीकडचे दोन टॉवर, पाच आणि सहा. आणि खाली चौथी ओळ. तीनशे बहात्तर.

चेतनाने पेटी बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा तीनशे बहात्तर.

“हाई काय शे?” तिच्या तोंडून आपसूक घरची अहिराणी आली. “इतला आकडा मी आजपर्यंत देखा नही. गोवालभाऊ, हा नंबर कुठल्या टॉवरचा?”

गोवालने नंबर वाचला. मग पुन्हा वाचला. 

“साजवड,” तो म्हणाला. आणि लगेच, “पण ते अंतरामुळे असेल. साजवड इथून लांब आहे.”

“किती?”

“सरळ रेषेत नऊ किलोमीटर.”

“नऊ किलोमीटरला लहरीला तसे तीस भाग लागतात. त्या दोन टॉवरांचे पाच-सहा पण अंतराचेच आहेत.” तिने बोटाने पडद्यावर हिशेब केला. “तीस सोडा. उरले तीनशे बेचाळीस. भाऊ, साजवडचा टॉवर तीनशे बेचाळीसनी मागे चालतोय. बाकीचे गप्प बसून ऐकायला लागतात, तेव्हा हा अजून ओरडत असतो. आणि तो आहे धारेवर. सगळ्या खोऱ्याला त्याचाच आवाज. फोनचा आवाज एवढासा, तो कुठून ऐकू येणार?”

“मग साजवडचे फोन कसे चालतात?”

“ते त्याच्या पायाशीच आहेत. आणि त्यांना वेळ तोच देतो.”

  पेटी बिघडली असेल, असं म्हणायला गोवालने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. कारण त्याच क्षणी त्याला होळीआधीची दुपार आठवली. लॅपटॉप. ती सेटिंग. अँटेना बसवल्यावर हिरवा दिवा पाहून तो खाली उतरला होता. सेटिंग पुन्हा पहिल्यासारखी केलीच नव्हती. नवा अँटेना महिनाभर उपग्रहाची अचूक वेळ खाली पाठवत होता आणि टॉवर ती घेत नव्हता. रोज आठ-आठ तुकडे मागे पडत, बेचाळीस दिवस.

“भाऊ? बसा जरा,” चेतना म्हणाली. “तुम्हाला घाम आलाय.”

“माझ्याकडून झालंय,” तो म्हणाला. “मी जाऊन येतो. तुम्ही इथेच बसा, पेटीकडे बघा.”

मोटरसायकलने वळणावळणाच्या रस्त्याने साजवडला जायला त्याला पन्नास मिनिटं लागली. एवढ्या वर्षांत त्या चढावर त्याचा गियर पहिल्यांदा चुकला. कुंपणाचं कुलूप उघडलं, डबा उघडला, लॅपटॉप जोडला. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: आतलं घड्याळ, हाताने निवडलेलं. तारीख होळीच्या पाच दिवस आधीची. पुढे त्याचंच नाव.

त्याने सेटिंग बदलली. टॉवर दोन मिनिटं मेला आणि पुन्हा जिवंत झाला. फार तर चहा उकळेल एवढा वेळ. चौदा चढ-उतार, तीन गावं, सगळं एवढ्याशा कामासाठी.

त्याचा फोन वाजला. चेतनाचा नंबर. कित्येक दिवसांनी चिखलआंब्यातून आलेला पहिला फोन, आणि आवाज काचेसारखा स्वच्छ.

“झालं, भाऊ! एकतीस दाखवतंय आता!” ती ओरडली. तिच्या पाठीमागून टुंग, टुंग, टुंग असे आवाज येत होते. साचलेले निरोप फोनांत उतरत होते. कुणी हसत होतं, कुणी लांबून हाक मारत होतं. मग तिचा आवाज एकदम उतरला. “थांबा जरा.”

गोवालने फोन कानाला दाबला. पलीकडे कुणाच्या तरी फोनमधून एक तरुण आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

“भाऊ,” चेतना म्हणाली, “तुम्ही इकडे या. ते काका आहेत ना, ज्यांचं अंगण आहे. त्यांच्या मुलाचे निरोप आलेत. मला तुमची भाषा कळत नाही, पण ते ज्या तऱ्हेने बसलेत ना... तुम्ही या.”

तो पोचला तेव्हा अंगणात आठ-दहा माणसं जमली होती. रेवजी खाटेवर, फोन दोन्ही हातांत धरून. गोवालला पाहून त्याने फोन पुढे केला, जसा इतके दिवस तांब्या करायचा तसा. “तूच लाव. माझ्याच्याने परत लागत नाही.”

सात निरोप होते. पहिला अकरा दिवसांपूर्वीचा. भरतचा आवाज, दात आवळून बोलल्यासारखा. ‘बा, मी पडलो. दुसऱ्या मजल्यावरून. पाय गेलाय असं म्हणतात. दवाखान्यात आणलंय. तू ये.’ दुसरा त्याच संध्याकाळचा. ‘बा, घरचं कोण आहे म्हणून डॉक्टर विचारतात. फोन उचल.’ तिसऱ्यात नुसता श्वास. चौथा, पाचवा, सहावा. शेवटचा चार दिवसांपूर्वीचा, अगदी शांत. ‘बा, तू अजून रागावलेला आहेस ना. नको येऊ. पाय कापला, आता काय यायचं. मी आता फोन करत नाही.’

 गोवालने भरतचा नंबर लावला. बंद. भरतसोबत कामाला असलेल्या माणसाचा नंबर गावात एकाकडे होता, तो लावला. त्याने दवाखाना सांगितला: गुजरातेत, व्याऱ्याजवळ. आम्ही सगळे पुढच्या कामावर आलो, तो तिथेच आहे, म्हणाला.

“जीप आहे,” चेतना म्हणाली. तिला कुणी काही समजावलं नव्हतं, तरी सगळं समजलं होतं. “घेऊन जा. मी नवनीतदादांना सांगते. मी धडगावहून एसटीने जाईन.”

अकराच्या सुमाराला ते निघाले.  तळोद्याला ड्रायव्हर डिझेल भरायला थांबला. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. गोवाल जीपमधून उतरला, रेवजीच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काका, तुमचा फोन चांगला होता.”

रेवजीने वर पाहिलं.

गोवालने सगळं सांगितलं. वानरं, होळी, सेटिंग, हिरवा दिवा, बेचाळीस दिवस. काही लपवलं नाही. सांगताना त्याचं त्यालाच खरं वाटत नव्हतं, इतकं ते छोटं होतं.

“ते केलं नसतं तर साजवडचे फोन बंद राहिले असते?” रेवजीने विचारलं.

“हो. आठ दिवस.”

“म्हणून आमचे केलेस.”

“मला माहीत नव्हतं, काका. मला वाटलं नाही की...”

“मला सिम पुसायला सांगत होतास.”

गोवालची मान खाली गेली. रेवजी खाली उतरला, पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला आणि दार ओढून घेतलं. तिथून नंदुरबार आलं, नवापूर गेलं, गुजरात लागलं, पण तो मागे वळला नाही.

पाचच्या आत ते दवाखान्यात पोचले. लांबलचक वॉर्ड. शेवटून दुसऱ्या खाटेवर भरत. डाव्या गुडघ्याखाली चादर सपाट होती.  चोवीस वर्षांचं पोर. होळीला साजवडच्या ढोलाशी पहाटेपर्यंत नाचलेलं.

भरतने बापाला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

रेवजी खाटेच्या कडेला बसला. हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून त्याने तो उशीवर ठेवला. “मी रागात नव्हतो,” तो म्हणाला. “मला काही ऐकू आलं नाही. आज सकाळी आलं सगळं एकदम.”

“सात वेळा पाठवलं. अकरा दिवस.”

“ह्याला विचार,” रेवजीने मागे न बघता बोट केलं. “हा सांगेल.”

मग गोवालला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, आजूबाजूच्या खाटांवरची माणसं ऐकत असताना. तळोद्याला सांगणं सोपं होतं, असं त्याला आता वाटलं. भरतने मध्येच विचारलं.

“किती म्हणालास?”

“तीनशे बेचाळीस. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले.”

भरतने डोळे मिटले. उघडले. “एवढ्यावर?” तो म्हणाला. “मी इथे पडून विचार करत होतो की आपला बाप कसा आहे. एवढ्यावर?”

 रेवजीचा हात उशीवरून सरकत मुलाच्या केसांत गेला, आणि भरत तोंडावर चादर ओढून लहान मुलासारखा रडायला लागला. गोवाल बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. 

तिथेच नवनीत पाटलांचा फोन आला. रनाळ्याचा माणूस, मनाने मऊ. “गोवाल, चेतनानी मले समदं सांगं. तू घाबरू नको. मी रिपोर्टमा लिखी टाकस, वांदरेसनी अँटेना तोडी टाका. तुन्हं नाव येनार नही. कोनले काय समजस?”

“दादा, माझं नाव लिहा,” गोवाल म्हणाला. “तारखेसकट. त्या सेटिंगपुढे लिहिलेलंच आहे.”

“नोकरी जाई ना भाऊ!”

“लिहा.”

रिपोर्ट गेला. गोवालला कामावरून काढलं. पावसाळाभर त्याने साजवडला शेत केलं. गावातल्या काही जणांना त्याचा राग आला: आपल्यासाठी केलं, मग सांगत कशाला सुटायचं? भुरीबाईने मात्र पहिल्याच आठवड्यात पायलीभर ज्वारी आणि कोंबडी घेऊन चिखलआंबा गाठलं, आणि ते सगळं रेवजीच्या ओट्यावर ठेवून परत आली. रेवजीने ते परत पाठवलं नाही, एवढंच.

अकरा टॉवरांवर चढायला दुसरा माणूस मिळेना, तेव्हा ऑक्टोबरमध्ये कंपनीने त्याला पुन्हा बोलावलं. तोवर अकराही टॉवरांतली ती सेटिंग बदलली होती. आता आतल्या घड्याळावर टाकलेला टॉवर एका दिवसात आपोआप उपग्रहाकडे परत जातो. त्यासाठी चेतनाने नाशिकला चार पत्रं लिहिली होती. पेटीही आता धडगावातच असते. गोवाल दर महिन्याला ती घेऊन खोऱ्यात फिरतो.

चिखलआंब्याला तो भरतकडे जातो. भरतला जयपूर फूट मिळाला आहे, तो काठीशिवाय अंगणभर चालतो, पेटीवरचे आकडे स्वतः वाचतो आणि वहीत उतरवतो. दोघं बरंच बोलतात: पायाबद्दल, गुजरातेबद्दल, लग्नाबद्दलही. रेवजी तेव्हा कूड लिंपत असतो किंवा बैलांना वैरण घालत असतो. तो गोवालशी बोलत नाही. गोवाल आल्यावर उठून आतही जात नाही. परवा गोवाल टॉवरवरून उतरला, तेव्हा रेवजी कुंपणापाशी उभा होता. गोवाल थांबला. रेवजीने त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलेल असं वाटलं, मग त्याने नजर काढून घेतली आणि बैल हाकत ओढ्याकडे निघून गेला.